आपली गरी : पूर्वीची व आताची

यंदाच्या स्मरणिकेसाठी मीही काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळींनी मला गळ घातली. आपल्या समाजाची देवस्थाने, कुळाचार, वंशावळी व परोपकारी पुरुष यांविषयी अधिकारी लेखकांनी मागील अंकांतून पुष्कळ लिहिले आहे. मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुले शिकविलेल्या माणसाने त्यात काय भर घालावी, असा प्रश्न पडला. तेव्हा ‘गळ घातली’ या शब्दांनीच वाट दाखविली. ज्या वस्तूवर आपल्या पूर्वजांचे पोट चालले, जिच्यावरून मराठी भाषेने वाक्प्रचार घेतले, त्या गळाचा इतिहास मात्र आपल्यापैकी कोणी लिहून ठेविलेला माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हा अल्पसा प्रयत्न. वाचकांनी गोड मानून घ्यावा.

निमित्तही घरातलेच घडले. माझा नातू ठाण्यास शिकतो. त्याला किनाऱ्यावरून मासे गरविण्याचा नाद आहे. गेल्या दिवाळीत तो रत्नागिरीस आला तेव्हा त्याने मागील वर्षी विकत घेतलेला एक बनावट मासा मला दाखविला. अंग चकचकीत, डोळे रंगविलेले, पोटाखाली तीन तोंडांचे दोन गळ. परंतु अवघ्या एका हंगामात गळ तांबूस होऊन त्यांची टोके झडली होती आणि पाठीवरचा रंग पोपड्यांनी निघाला होता. तो म्हणाला, “आबा, आठशे रुपये गेले. समुद्रात टिकेल असा कोणता घेऊ, ते तुम्हीच सांगा.” मी कपाटातून माझ्या वडिलांची पत्र्याची डबी काढली. तिच्यात खोबरेल तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले दोन गळ आहेत. ते पन्नास वर्षांपूर्वीचे आहेत आणि त्यांवर गंजाचा ठिपकाही नाही. हे असे का, याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. हा लेख म्हणजे ते उत्तर होय.

प्राचीन काळ

आपल्याकडे गळाला आणि गळ, दोरी, शिसे या सर्व सरंजामालाही गरी म्हणतात व त्याने मासे धरण्यास गरवणे म्हणतात. हे साधन जाळ्याइतकेच पुरातन आहे. जपानच्या ओकिनावा बेटावरील एका गुहेत समुद्री शिंपल्याचे गळ सापडले असून ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे आहेत, असे संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. आपल्या देशात सिंधू संस्कृतीच्या लोकांनी तांब्याचे गळ केले. हडप्पा येथे मिळालेल्या गळांना आजच्या गळासारखा उलटा काटाही आहे. म्हणजे टोकाजवळ उलटा काटा ठेविला असता मासा सुटत नाही, ही युक्ती चार हजार वर्षांहून जुनी आहे.

गरवण्याची कला केवळ गोरगरिबांची होती असेही नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे आणि माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य, दोरी, काठी व गळ यांची माहिती दिली आहे. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मासळीच्या वासाने काही लोक नाक मुरडीत, तिचे शास्त्र एका सार्वभौम राजाने आवडीने लिहिले होते, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

आपल्या किनाऱ्यावरील जुनी साधने

रत्नागिरी जिल्ह्याचे पहिले सविस्तर वर्णन १८८० साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या दहाव्या खंडात आहे. त्या काळी आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा बराच भागही रत्नागिरीतच मोडत असे. तो जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्या खंडात खारवी, गाबीत, कोळी, दालदी वगैरे दर्यावर्दी समाजांचा व त्यांच्या मासेमारीचा उल्लेख आहे. १९६२ साली महाराष्ट्र राज्याने गॅझेटियरची सुधारलेली आवृत्ती काढली. हे दोन्ही ग्रंथ जिल्ह्यातील मोठ्या वाचनालयांत पाहावयास मिळतात. तरुणांनी ते एकदा तरी चाळावेत.

माझ्या लहानपणी म्हणजे १९६० नंतरच्या दहा वर्षांत मिऱ्या बंदराकडील आमच्या वस्तीत जुने व नवे असे दोन्ही जग एकाच पडवीत पाहावयास मिळे. आजोबांची दोरी सुताची होती. त्यांच्या वडिलांची सणाची, म्हणजे तागासारख्या वाखाची असे, असे ते सांगत. सूत व सण ही झाडापासून मिळणारी द्रव्ये असल्यामुळे ओली राहिली की सूक्ष्म जंतू ती खातात आणि दोरी कुजते. सुताला एक गुण मात्र आहे. ते ओले झाले की कमजोर न होता उलट अधिक बळकट होते. म्हणून पाण्यातील कामासाठी ते चांगले. प्रश्न केवळ कुजण्याचा.

त्यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी काढलेला उपाय ऐनाच्या सालीचा. ऐनाची साल मोठ्या हंड्यात उकळून तिचा तांबडा-तपकिरी काढा करावयाचा, त्यात दोऱ्या व जाळी बुडवून ठेवावयाची आणि मग वाळूवर पसरून उन्हात वाळवावयाची. सालीतील तुरट द्रव्य धाग्यात मुरते व जंतूंना तो धागा सहजी खाता येत नाही. कातडे कमाविण्याची कृती याच तत्त्वावर आहे. होडीच्या फळ्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याचा हेतूही तोच, की लाकडाला पाणी, कीड व कुज यांपासून जपावे. शाळेत जाण्यापूर्वी आम्हा मुलांना या काढ्याच्या हंड्याखाली जाळ लावण्याचे काम असे. काढा किती वेळ उकळावा, साल किती घ्यावी, हे आजी बोटांच्या स्पर्शावरून ठरवीत असे. ते प्रमाण मी तिला कधी विचारले नाही. पुढे आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकविले, पण आमच्या घरातले हे एक गणित माझ्या वहीत उतरले नाही, याची खंत वाटते.

गरीचे आमिष म्हणजे कोळंबी, तारली, माकुलाचे तुकडे. तांबोशी, गोबरा, वाम, मुशी हे मासे अशा आमिषाला खडकाजवळ लागत. सुरमईची तऱ्हा निराळी. ती धावत्या भक्ष्यावर झडप घालते. म्हणून वडील शिडाच्या होडीमागून लांब दोर सोडीत आणि गळाच्या दांड्याला कोंबड्याचे पांढरे पीस किंवा पांढऱ्या चिंधीची चिंचोळी पट्टी बांधीत. होडी चालू लागली की ते पीस पाण्यात तारलीसारखे फडफडे. नातवाच्या आठशे रुपयांच्या माशाचा मूळपुरुष हाच. नाव बदलले, रूप बदलले. भुलविण्याची रीत तीच राहिली.

गळाचे पोलाद

गावातील लोहार पूर्वी मोठे गळ घडवून देत. पुढे परदेशी गळ मुंबईमार्गे आले. इंग्लंडातील रेडिच हे गाव सुयांसाठी प्रसिद्ध होते. सुया करणाऱ्या कारागिरांनीच तेथे गळांचा धंदा वाढविला, कारण दोन्ही वस्तू पोलादी तारेच्याच. नॉर्वे देशात मुस्टाड घराण्याचा कारखाना १८३२ साली सुरू झाला व १८७७ साली तेथील माथियास टॉप या कारागिराने गळ करणारे यंत्र सिद्ध केले. तार तोडणे, काटा काढणे, टोक धारदार करणे, वाक देणे ही कामे यंत्र भराभर करू लागले आणि नॉर्वेचे गळ जगभर गेले. आपल्या वडिलांच्या पिढीत चांगला गळ म्हणजे नॉर्वेचा गळ, असे समीकरणच होते. या गळांच्या नंबरांची मौज अशी की एकपर्यंत नंबर जितका लहान तितका गळ मोठा. त्यापुढे मात्र आकड्यापुढे शून्य लावतात व मग आकडा वाढेल तसा गळही वाढतो. पहिल्यांदा दुकानात जाणारा मुलगा येथे हमखास फसतो.

गळ टिकण्याच्या दोन बाजू आहेत. पहिली बाजू पोलादाची. तारेला वाक दिल्यावर ती लाल तापवून एकदम थंड करतात व पुन्हा बेताने तापवितात. लोहार यास ‘पाणी देणे’ म्हणतात. पाणी जास्त झाले तर गळ काचेसारखा मोडतो. कमी झाले तर मासा ओढताच सरळ होतो. आमचे वडील म्हणत, “गळ मासा धरत नाही रे, गळाला दिलेलं पाणी मासा धरतं.” नवा गळ घेतला की ते त्याचे टोक लाकडात रोवून दांडा ओढीत. किंचित उघडून पुन्हा जागेवर आला तर गळ उत्तम. तसाच उघडा राहिला तर परत. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून सरकवून पाहत. ते रुतले तर धार चांगली, घसरले तर नाही.

दुसरी बाजू गंजाची. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. त्यामुळे लोखंड गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात फार लवकर गंजते. यावर जुना उपाय म्हणजे गळाला कथलाचा मुलामा देणे. आपल्या घरातील तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करीत, तीच ही क्रिया. परंतु कल्हईत एक खोट आहे. ती अखंड असेतो गळ सुरक्षित. दगडावर घासून ती कोठे खरवडली, तर तेथील उघडे लोखंड अधिकच वेगाने गंजते. जस्ताच्या मुलाम्याचे उलट आहे. तो खरवडला तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. घरावरचे जस्ती पत्रे कोकणच्या पावसात तग धरतात ते याच कारणाने.

हा दोन धातूंचा झगडा फार जुना आहे. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारून पाहिला. लाकूड किडीपासून वाचले. पण काही काळाने पाहतात तो ज्या लोखंडी खिळ्यांना तांबे भिडले होते, ते खिळे खंगून गेलेले. पुढे १८२४ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने त्याची मीमांसा करून तांब्याचे रक्षण करण्यासाठी जस्त अथवा लोखंडाचे तुकडे जोडण्याचा उपाय सुचविला. पितळेच्या चकाकत्या पट्टीला साध्या पोलादाचा गळ लावून ती खाऱ्या पाण्यात टाकली, म्हणजे आपण लहान प्रमाणावर तोच ‘अलार्म’ जहाजाचा प्रयोग करीत असतो. माझ्या नातवाच्या माशाचे गळ एका हंगामात गेले, त्यात दोन धातूंच्या संगतीचा वाटा असावा.

बनावट मासा

धातूच्या चमचासारख्या आमिषाचे पहिले पेटंट अमेरिकेतील ज्युलिओ ब्यूएल यास १८५२ साली मिळाले. होडीत बसून खाताना त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला व एका मोठ्या माशाने त्यावर झडप घातली, त्यावरून त्यास कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. फिनलंड देशातील लाउरी रापाला हा गरीब मच्छीमार. मोठा मासा लहान माशांच्या थव्यातून नेमका जखमी, लडखडत पोहणारा मासा उचलतो, हे त्याने पाहिले. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा तसाच लडखडणारा मासा कोरला, त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद चिकटविला आणि छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्याचा लेप दिला. पोटासाठी मासे मारणाऱ्या माणसाच्या निरीक्षणातून ही वस्तू जन्मली. म्हणून तिला केवळ शहरी हौशी लोकांचे खेळणे समजू नये.

हिंदुस्थानात या विषयावर इंग्रजीत लिहिलेला नामांकित ग्रंथ म्हणजे हेन्री सलिव्हन थॉमस याचा ‘द रॉड इन इंडिया’. तो १८७३ साली निघाला. थॉमस मद्रास इलाख्यात मुलकी अधिकारी होता. महसीर माशाच्या जबड्याची दाबण्याची शक्ती एवढी की विलायती नाजूक गळ तो चुरडून टाकतो, अशी त्याची तक्रार होती व म्हणून जाड, बळकट गळांचा त्याचा आग्रह होता. विलायतेत टिकलेली वस्तू आपल्या पाण्यात टिकेलच असे नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

उलट्या काट्याविनाही काम साधते, हे लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरील लोकांनी दाखविले आहे. ते काठी व दोरीने कुपा मासा धरतात. जिवंत चिंगळी मासळी पाण्यात टाकून कुप्यांचा थवा जवळ आणावयाचा आणि बिनकाट्याच्या चकाकत्या गळाने एकेक मासा उचलून होडीत झटकावयाचा. काटा नसल्यामुळे मासा आपोआप सुटून पडतो व गळ क्षणात पुन्हा पाण्यात जातो. तेथे वेग हाच टिकाऊपणाचा भाग आहे.

तंगूस आला

अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स याने १९३५ साली नायलॉनचा शोध लावला. आपल्या देशात १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व १९६० नंतर नायलॉनची दोरी व जाळी पसरू लागली. केंद्र सरकारची मत्स्यतंत्र संशोधन संस्था १९५७ साली कोचीन येथे निघाली व तिने जाळी, दोऱ्या, होड्या यांवर पुष्कळ प्रयोग केले. आपल्या रत्नागिरीतही सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र झाले आणि १९८१ साली शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय निघाले.

नायलॉनचा एकपदरी धागा आपण ‘तंगूस’ म्हणून ओळखतो. तो कुजत नाही, काढ्यात उकळावा लागत नाही, पाण्यात माशाला सहसा दिसत नाही. आमच्या पडवीतील ऐनाचा हंडा हळूहळू थंड झाला व पुढे मोडीत गेला. तंगूसलाही खोटी आहेत. ओला झाला की त्याचे बळ सुमारे दहावा हिस्सा उतरते. उन्हात पडून राहिला तर ठिसूळ होतो. गुळगुळीत असल्यामुळे साधी गाठ सुटते, म्हणून वेढे जास्त द्यावे लागतात. सुरमईचे दात तो कापून टाकतात, म्हणून गळाजवळ हातभर पोलादी तार लागते.

एक घरगुती प्रसंग

येथे थोडे स्वतःविषयी लिहितो, त्याची वाचकांनी क्षमा करावी. १९७३ सालच्या कार्तिक महिन्यातील गोष्ट. मी अकरावीत होतो. शालान्त परीक्षेचा अर्ज व शुल्क भरण्याची मुदत संपत आली होती. घरात पैसा नव्हता. वडिलांनी त्या आठवड्यात एका दुकानातून स्वस्त म्हणून सुटे गळ घेतले होते. पहाटे ते व माझे थोरले बंधू होडी घेऊन गेले. उजाडताना मोठी सुरमई लागली. अर्धा तास खेळविल्यावर ती होडीच्या कडेपाशी आली आणि बंधू हात घालणार तोच दोर सैल पडला. गळ वर काढून पाहतात तो सुईसारखा सरळ झालेला. तो मासा आला असता तर माझे शुल्क भरून घरात पंधरवड्याचे तांदूळ आले असते.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी शेजाऱ्याकडून उसने पैसे आणले. मला वाटले, आता शाळेत जाऊन अर्ज भरावयाचा. परंतु ते बाजारात गेले आणि त्या पैशाचे डझनभर चांगले, कल्हईचे नॉर्वेचे गळ घेऊन आले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. आईही रागावली. वडील एवढेच म्हणाले, “उसने पैसे एकदाच मिळतात. फी भरली तर गळ नाहीत, आणि गळ नसले तर पुढची फी कुठून आणू?” मुदतीच्या शेवटच्या दिवशी मासळीचे पैसे हातात आले व अर्ज गेला. १९७४ साली मी परीक्षा उत्तीर्ण झालो, पुढे शिक्षक झालो, आणि आमच्या घराचा समुद्राशी पोटाचा संबंध माझ्यापुरता तुटला.

त्यांचा तो निर्णय योग्य होता की अयोग्य, हे मला आजही पुरते ठरविता येत नाही. मासळी लागली नसती तर माझे एक वर्ष गेले असते. कदाचित शिक्षणच थांबले असते. पण त्यांनी साधन आधी सांभाळले. १९९८ साली ते निवर्तले. त्या डझनातील दोन गळ डबीत राहिले आहेत. दररोज घरी आल्यावर गळ गोड्या पाण्यात धुवावयाचे, कोरडे करावयाचे आणि तेलाच्या फडक्यात ठेवावयाचे, हा त्यांचा नेम होता. गळ पन्नास वर्षे टिकले ते पोलादामुळे, कल्हईमुळे, आणि या नेमामुळेही.

टिकाऊपणाची दुसरी बाजू

टिकाऊ तेवढे चांगले, असे मीही पूर्वी मानीत होतो. आता थोडा विचार पालटला आहे. सुताचे जाळे समुद्रात हरवले तर काही काळाने कुजून जाई. नायलॉनचे जाळे हरवले तर ते पिढ्यान् पिढ्या तेथेच राहते व धनी नसतानाही मासे, खेकडे, कासवे मारीत राहते. आपल्याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साह्याने सागरी कासवांची घरटी राखली. तीच कासवे भर समुद्रात जाळ्यात गुरफटतात. जाळ्यात सापडलेला संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमारास कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये आणली. हिचा लाभ आपल्या बांधवांनी निःसंकोच घ्यावा.

गळाचेही तसेच. न गंजणाऱ्या पोलादाचे गळ वर्षानुवर्षे टिकतात. पण दोर तुटून असा गळ माशाच्या जबड्यात राहिला तर तोही तसाच टिकतो. साधा गळ निदान कालांतराने झिजून जातो. शिशाची वजने हंसांच्या पोटात जाऊन विषबाधा होते म्हणून ब्रिटनने १९८७ साली लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली. गरीचा मोठा गुण असा की ती एका वेळी एक मासा घेते आणि लहान मासा लागला तर सोडून देता येतो. अफाट जाळ्यांच्या या दिवसांत हा गुण लहान नाही. पण सोडलेला मासा जगावा यासाठी काटा दाबून टाकणे व गळ हलक्या हाताने काढणे हेही शिकले पाहिजे.

नातवास दिलेले उत्तर

हा सर्व इतिहास सांगून झाल्यावर मी नातवास पुढीलप्रमाणे सांगितले. ज्यांच्या घरी असे हौशी तरुण असतील त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

बनावट मासा घेताना आधी रंग पाहू नये, गळ पाहावे. गळ अंगाला कायमचे जडविलेले नसून कडीने अडकविलेले असावेत, म्हणजे गंजले तर बदलता येतात. कडी जाड असावी व दोन बोटांनी उघडू नये. आरपार तार असलेला मासा सर्वांत विश्वासाचा. नाकापासून शेपटीपर्यंत एकच तार गेलेली असली, तर लाकडाचे अथवा प्लास्टिकचे अंग खडकावर फुटले तरी गळ व दोर यांचा संबंध तुटत नाही. नुसत्या आट्यांवर बसविलेला आकडा मोठ्या माशाच्या हिसक्याला उपटून येतो. आपल्या खडकाळ किनाऱ्यावरून टाकण्यास धातूची पट्टी सर्वांत चिवट, कारण तिच्यात फुटण्यासारखे काही नाही. मात्र तिला साध्या पोलादाचा गळ लावू नये, जाड कथलाच्या मुलाम्याचा अथवा न गंजणारा लावावा. गळ लाकडात रोवून ओढून पाहावा, हे आजोबांचे तंत्र अजून खोटे ठरलेले नाही. घरी आल्यावर हातपाय धुण्याआधी गरी धुवावी. ओला मासा कोरड्यांबरोबर एकाच पेटीत कधी ठेवू नये. एकाचा गंज साऱ्यांना लागतो.

डबीतील दोन गळांपैकी एक मी त्यास दिला. त्याने तो आपल्या बनावट माशाला लावला आणि तीन सकाळी पांढऱ्या समुद्रावर टाकून पाहिला. एकही मासा लागला नाही. परंतु तो शिमग्याला पुन्हा आला तेव्हा त्याने गळ मला आणून दाखविला. तो स्वच्छ होता. “रोज धुतला, आबा,” म्हणाला. मला तेवढे पुरे झाले.

शेवटी समाजबांधवांस एक विनंती आहे. आपल्या कित्येकांच्या माळ्यावर जुने गळ, शिसे ओतण्याचे साचे, जाळी विणण्याच्या सुया, सुताची एखादी गुंडाळी अजून पडलेली असेल. ती भंगारात देऊ नये. वार्षिक संमेलनाच्या दिवशी ती घेऊन यावे, एका टेबलावर मांडावी आणि प्रत्येक वस्तूचे नाव व उपयोग वयोवृद्धांकडून लिहून घ्यावा. विशेषतः ऐनाच्या सालीच्या काढ्याचे प्रमाण ज्या माताभगिनींना ठाऊक असेल त्यांनी ते कळवावे. माझ्या आजीकडून विचारून घ्यावयाचे राहून गेले, ते कोणाच्या तरी आजीकडे अजून शिल्लक असेल अशी आशा आहे.